तोंड बघून माणूस कळतो का? चेहरा, संदर्भ आणि भावना यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी दिवसा कॉलेजात मानसशास्त्र शिकवतो आणि जत्रा-उत्सवांच्या दिवसांत गोव्यातल्या फोंडा महालातल्या देवळांतून नाटकातल्या नटांना रंग लावायला बसतो. वर्गात आणि रंगपटात मला विचारले जाणारे प्रश्न जवळजवळ सारखेच असतात. दरवेळी तेच तेच सांगून घसा बसतो, म्हणून एकदाच लिहून काढले.

एका वाक्यात सांगा: चेहऱ्यावरून भावना ओळखता येते की नाही?

माणूस ओळखीचा असेल, प्रसंग डोळ्यांसमोर असेल आणि आवाज कानावर पडत असेल तर बऱ्यापैकी येते. नुसता कापून घेतलेला चेहरा हातात दिला तर आपल्याला वाटतं त्याहून पुष्कळ कमी.

संदर्भ म्हणजे नेमकं काय काय धरायचं?

बाजारात चला, तिथे लवकर समजेल. फोंड्याच्या मासळी बाजारात सुंगटांचा (कोलंबीचा) वाटा लावून बसलेली बाई. तुम्ही अर्धा भाव सांगता. तिच्या भुवया जवळ येतात, ओठ आवळले जातात, मान एका बाजूला जाते. एवढ्याचाच फोटो काढून परक्या माणसाला दाखवला तर तो म्हणेल, चिडलीय. तुम्ही मात्र जागचे हलत नाही, कारण हा घासाघिशीतला तिचा नेहमीचा चेहरा आहे हे तुम्हाला ठाऊक असतं. तेवढ्यात तिची भाची येते. चेहरा तसाच, भुवया तशाच, वर "कितें गो, आज याद जाली?" असा टोमणा. पण हात मात्र मुकाट्यानं चार सुंगटं जास्तीची पिशवीत टाकतो.

या एका प्रसंगात किती गोष्टी आल्या बघा. जागा, आधी काय बोलणं झालं, नातं, आवाजाची पट्टी, हात काय करतोय, त्या बाईची रोजची सवय. दुपारचं ऊन डोळ्यांवर येत होतं का, हेही त्यातच. चेहरा सोडून बाकी जे काही उरतं ते सगळं संदर्भात जमा.

तोच चेहरा वेगवेगळा दिसतो, हे कुणी दाखवून दिलं?

सगळ्यात गाजलेली गोष्ट रशियातली आहे. लेव कुलेशोव या चित्रपट दिग्दर्शकानं १९२० च्या सुमारास इव्हान मोझुखिन या नटाच्या चेहऱ्याचा एकच, फारसा भाव नसलेला तुकडा वेगवेगळ्या दृश्यांना जोडला. एकदा सुपाची वाटी, एकदा शवपेटी, एकदा एक तरुणी. प्रेक्षक म्हणे नटाची वाखाणणी करू लागले: काय भूक दाखवली, काय दुःख दाखवलं! "म्हणे" मुद्दाम लिहिलंय. मूळ फिल्म आज उपलब्ध नाही, आणि त्या तुकड्यांत नेमकं काय होतं याच्या हकिगती एकमेकींशी जुळत नाहीत. १९९२ मध्ये अमेरिकेत हा प्रयोग पुन्हा करून पाहिला तेव्हा परिणाम दिसला नाही. २००६ मध्ये लंडनच्या संशोधकांनी तटस्थ चेहऱ्यांना सुखद-दुःखद दृश्यं जोडली तेव्हा मात्र तो दिसला. म्हणजे गोष्ट तिखटमीठ लावून सांगितली गेली असली तरी तिच्यात तथ्य आहे.

नाट्यशिबिरात मी याचा घरगुती अवतार करतो. आमच्या पेटीवाल्या मामांचा एक फोटो माझ्या मोबाईलमध्ये आहे. पेटीवर हात, नजर समोर, तोंड बंद. एका गटाला सांगतो, मुलाला नोकरी लागल्याचा फोन नुकताच आला. दुसऱ्या गटाला सांगतो, भावाशी वाटणीवरून बिनसलंय. तिसऱ्याला काहीच सांगत नाही. पहिला गट "डोळ्यांत समाधान" शोधून काढतो, दुसऱ्याला "जबडा आवळलेला" दिसतो, तिसरा कंटाळून खिडकीबाहेर बघतो. मामा त्या क्षणी चहाची वाट बघत होते. हा काही शास्त्रीय प्रयोग नव्हे, पण पोरांना जन्मभर लक्षात राहतो.

पण राग, दुःख, भीती तर जगात सगळीकडे सारखीच दिसतात ना? पुस्तकात तसंच आहे.

पुस्तकात आहे, कारण पॉल एकमन हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ. त्यांनी १९६० च्या दशकाच्या शेवटी पापुआ न्यू गिनीतल्या फोरे लोकांमध्ये जाऊन काम केलं आणि आनंद, दुःख, राग, भीती, किळस, आश्चर्य या सहा भावनांचे चेहरे सगळी माणसं ओळखतात असं मांडलं. काम मोठं आहे, उगाच नाकं मुरडण्यात अर्थ नाही. फक्त त्याची रीत नीट बघावी. फोरे लोकांना आधी छोटी गोष्ट सांगायचे, उदाहरणार्थ याचं मूल गेलं, आणि मग दोन-तीन फोटोंमधून त्या गोष्टीला साजेसा चेहरा निवडायला सांगायचे. म्हणजे संदर्भ आधीच हातात दिलेला! आणि एवढं करूनही भीती आणि आश्चर्य यांची त्यांच्याकडून गल्लत झालीच.

त्यापुढचा मोठा ताळेबंद २०१९ चा. लिसा फेल्डमन बॅरेट आणि इतर चार शास्त्रज्ञांनी हजाराहून अधिक शोधनिबंध चाळले. त्यांना आढळलं की राग आलेला माणूस कपाळाला आठ्या घालून बघतो असं साधारण तीस टक्के वेळाच होतं. बाकी वेळा राग येतो तो रडून, गप्प बसून, कधी हसूनसुद्धा. उलट्या बाजूनं, राग नसतानाही आठ्या पडतात: गणित सोडवताना, पोटात दुखताना, लांबच्या कदंब बसची पाटी वाचताना.

चेहरा एक सांगतो आणि शरीर दुसरंच. खरं कुणाचं मानायचं?

हिलेल अविएझर या मानसशास्त्रज्ञांनी सहकाऱ्यांबरोबर केलेले दोन प्रयोग इथे सांगायलाच हवेत. २००८ मध्ये त्यांनी किळस आलेला एकच चेहरा वेगवेगळ्या धडांवर चिकटवला. हातात घाणेरडा कपडा असलेल्या धडावर तो लोकांना किळस आलेलाच दिसला. मूठ उगारलेल्या धडावर तोच चेहरा बहुतेकांना रागीट दिसला. शरीरसौष्ठव दाखवणाऱ्या पैलवानी धडावर काहींना त्यात चक्क गर्व दिसला. चेहऱ्यातला एक स्नायू बदलला नव्हता.

दुसरा प्रयोग २०१२ चा, टेनिसपटूंच्या फोटोंवर. महत्त्वाचा गुण जिंकला किंवा गमावला त्या क्षणाचे फोटो. नुसते चेहरे दाखवले तर लोकांना जिंकलेला कोण, हरलेला कोण हे सांगता आलं नाही. चेहरा झाकून नुसतं शरीर दाखवलं तर आलं. मला खरी गंमत पुढची वाटते: ज्यांना पूर्ण फोटो दाखवला, त्यांनी उत्तर बरोबर दिलं आणि श्रेय मात्र चेहऱ्याला दिलं. माहिती मिळाली मुठीतून, खांद्यांतून, आणि ते शपथेवर सांगायला तयार की आम्ही तोंडावर वाचलं.

आपल्याकडे फुटबॉल आहे, तेव्हा हे घरबसल्या तपासता येईल. गावच्या मैदानावरच्या अंतिम सामन्याचा एखादा फोटो घ्या. शेवटच्या मिनिटाला गोल करणारा आणि शेवटच्या मिनिटाला पेनल्टी बाहेर मारणारा, दोघांच्या गळ्याखालचा भाग अंगठ्यानं झाका. दोघंही कुणीतरी चिमटा काढल्यासारखे ओरडताना दिसतील.

आपल्या नवरसांचं काय? तिथे तर प्रत्येक रसाचा चेहरा ठरलेला असतो.

हा प्रश्न नटांचा, आणि माझा सगळ्यात आवडता.

नवरसांचा तक्ता भिंतीवर टांगलेला असतो, त्यामुळे आपली समजूत होते की नाट्यशास्त्र म्हणजे चेहऱ्यांचा कोश. (मुळात भरतानं आठच रस सांगितले, शांतरस मागाहून आला.) पण सहाव्या अध्यायातलं रससूत्र वाचा: "विभावानुभावव्यभिचारिसंयोगाद्रसनिष्पत्तिः". भुवई, नजर, ओठ, हात हे सगळं अनुभावात येतं. पण सूत्रात पहिला मान विभावाचा. विभाव म्हणजे ज्यामुळे भावना उठली ते: समोर कोण आहे, कुठली वेळ, कुठली जागा, काय घडलं. त्यात ते तेहेतीस व्यभिचारी भाव, म्हणजे शंका, लज्जा, गर्व, चिंता असे येऊन-जाऊन असणारे. या सगळ्यांचा संयोग झाला तर रस. नुसत्या अनुभावानं रस होतो असं भरत कुठेही म्हणत नाही.

सातव्या अध्यायात अश्रूंची कारणं दिली आहेत. आनंद, संताप, भय, शोक ही आपण धरूनच चालतो. पण त्यांच्याच रांगेत धूर आहे, डोळ्यांत घातलेलं अंजन आहे, जांभई आहे, टक लावून बघणं आहे, थंडी आहे, आजार आहे. ज्यानं कुणी ही यादी केली तो नक्की रंगपटात बसलेला असणार. काजळ डोळ्यांत गेलेला नट आणि मुलगा गेलेला बाप यांच्या डोळ्यांतलं पाणी वेगळं काढता येत नाही, हे मी रोज बघतो.

तेव्हा तालमीला माझं सांगणं एवढंच: आरशासमोर करुण रसाचं तोंड घोटत बसू नका. समोरचं पात्र काय बोललं ते आधी नीट ऐका.

दशावतारात संकासुर या राक्षसाचं तोंड काळ्या मुखवट्यात असतं. तरी लोक हसतात, घाबरतात. ते कसं?

पेडण्याकडचे, सत्तरीतले वाचक हा प्रश्न हमखास विचारतात. मुखवटा हलत नाही, पण मान हलते, पाय हलतात, मृदंगाची थाप बदलते आणि पुढ्यात बसलेली पोरं मागे सरकतात. मुखवटा जरासा खाली झुकला की त्यावरच्या सावल्या बदलतात आणि तो खिन्न वाटायला लागतो. उरलेलं काम प्रेक्षक करतो. करोनाच्या काळात आपण सगळ्यांनीच अर्धा चेहरा झाकून बाजारहाट केली. तेव्हा गोंधळ जरूर झाला, पण डोळे, आवाज आणि हात यांच्यावर भागलंच की.

खरं हसू आणि खोटं हसू यांत फरक कळतो म्हणतात?

ड्यूशेन या फ्रेंच डॉक्टरांनी १८६२ मध्ये चेहऱ्याच्या स्नायूंना विजेचे हलके झटके देऊन फोटो काढले आणि सांगितलं की मनापासूनच्या हसण्यात डोळ्यांभोवतीचा स्नायूही आकसतो. तेव्हापासून "डोळ्यांत सुरकुत्या म्हणजे खरं हसू" हे सूत्र फिरतंय. आमचे निम्मे नट त्या सुरकुत्या हुकमी आणतात. त्यावर विसंबून कुणाला कर्ज देऊ नये.

त्या फोटोंची पुढची हकिगत जास्त बोलकी आहे. चार्ल्स डार्विन यांनी ते वीसेक लोकांना काही न सांगता दाखवले. काही फोटोंवर एकमत झालं, काहींवर कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नव्हता. आणि १८७२ मध्ये डार्विननी प्रांजळपणे लिहून ठेवलं की मी स्वतः पहिल्यांदा खालचा मजकूर वाचत फोटो पाहिले तेव्हा जवळजवळ सगळेच अगदी हुबेहूब वाटले होते. मजकूर नसता तर काहींबाबत मीही गोंधळलो असतो.

ओरडा खाताना मुलगा हसतो. निर्लज्ज आहे का?

नाही हो. आणि हे मी चूक करून शिकलोय. एका तालमीला एक पोरगा तिसऱ्यांदा वाक्य विसरला. मी आवाज चढवला, तर ओठांच्या कोपऱ्यात हसू. "आणि वर दात काढतोस?" म्हणून मी त्याला पंधरा जणांसमोर आणखी झापला. दुसऱ्या दिवशी तो आलाच नाही. कुणीतरी काढलेला त्या तालमीचा व्हिडिओ मी रात्री पाहिला. नजर जमिनीवर, मान खाली, एक हात दुसऱ्या हाताचं मनगट घट्ट धरून. हसू तेवढं वर तरंगत होतं. मराठीत त्याला ओशाळं हसू हा अस्सल शब्द आहे, आणि तो मला माहीत होता. मी रागात असल्यामुळे मला फक्त ओठ दिसले.

तिसऱ्या दिवशी मी त्याच्या घरी गेलो. नाटकात तो होता.

म्हणजे संदर्भ बघितला की चुकत नाही?

चुकतो, आणि जास्त ठामपणे चुकतो. १९९६ मध्ये कॅरॉल आणि रसेल या मानसशास्त्रज्ञांनी रागाचा म्हणून ठरलेला चेहरा दाखवला, पण आधी गोष्ट भीतीची सांगितली. बऱ्याच जणांना तो माणूस घाबरलेला दिसला. गोष्ट खरी असेल तर उत्तमच. खोटी असेल तर? "तो जरा चालू आहे हां" असं कुणी आधीच कानात सांगून ठेवलं की त्या माणसाचं साधं गप्प बसणंही कावेबाज वाटायला लागतं. नव्या भाडेकरूबद्दल, परराज्यातून आलेल्या कामगाराबद्दल, सुनेबद्दल हे रोज चालतं. आपला पूर्वग्रह हाही संदर्भच असतो, फक्त तो समोर घडलेला नसतो, आपण घरून आणलेला असतो.

कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटोवरून भांडणं होतात. त्यावर काही?

दिवजांच्या जत्रेतला आमच्या काकींचा एक फोटो दोन वर्षं घरात गाजतोय. हातात दिवज (मातीचा दिवा), डोळ्यांत पाणी, तोंड वाकडं. शेजारी त्यांची धाकटी जाऊ उभी. एका बाजूचं म्हणणं, दोघींचं वाजलं होतं. दुसऱ्या बाजूचं, काकी भक्तीनं भरून आल्या होत्या. मी तिथेच होतो. तेलवातींचा धूर वारा फिरल्यामुळे सरळ तोंडावर येत होता. हे मी सांगितलं तर दोन्ही बाजू माझ्यावर नाराज.

सेकंदाच्या शंभराव्या भागात कॅमेरा जे पकडतो ते तोंड आपण प्रत्यक्षात कधी बघितलेलंच नसतं. शिंक येण्याआधीचा, घास गिळतानाचा, अर्धवट पापणी मिटलेला. शंका आली तर फोटो कुणी, केव्हा काढला आणि कडेनं काय कापलंय ते विचारा.

तान्ही मुलं आईच्या चेहऱ्यावरून ओळखतात, मग मोठ्यांना का जमू नये?

१९८५ मध्ये वर्षभराच्या मुलांना जाड काचेवर रांगायला ठेवलं. काचेखाली अर्ध्यावर उथळ खड्डा असल्याचा भास होता, पलीकडे आई. आईनं हसरा चेहरा केला तेव्हा १९ पैकी १४ मुलं ओलांडून आली. घाबरलेला चेहरा केला तेव्हा १७ पैकी एकही आलं नाही. वाचून वाटतं, बघा, चेहऱ्याची केवढी ताकद! पण खड्डाच नव्हता तेव्हा मुलं आईच्या तोंडाकडे फारशी बघतच नव्हती. शंका आली तेव्हा बघितलं. आणि ती त्यांची आई होती, फोटोतली अनोळखी बाई नव्हे.

मी कळंगुटला हॉटेलात रिसेप्शनला आहे. परदेशी पाहुण्यांचे चेहरे कळत नाहीत.

चेहऱ्याच्या मागे फार लागू नका. विमान किती वाजता उतरलं, सोबत लहान मूल आहे का, खोली तयार आहे का, हे आधी बघा. निम्मं कोडं तिथेच सुटतं. बघण्याची सवयही देशागणिक वेगळी असते. २००८ च्या एका अभ्यासात मध्ये एक माणूस आणि भोवती चार जण अशी चित्रं दाखवली होती. मधल्याची भावना ठरवताना जपानी लोकांवर भोवतालच्या चौघांच्या चेहऱ्यांचा परिणाम झाला, अमेरिकन लोकांवर फारसा झाला नाही. आपण गोंयकार या बाबतीत कुठे बसतो ते चतुर्थीच्या पंगतीत बसून ठरवावं.

कॅमेरा लावून कर्मचाऱ्यांचा, विद्यार्थ्यांचा मूड ओळखणारी यंत्रणा विकायला येते. घ्यावी का?

घेऊ नका. अशा यंत्रणा बहुतेक करून चेहऱ्याची हालचाल मोजतात आणि तिच्यावर भावनेचं लेबल चिकटवतात. मोजमाप एकवेळ बरोबर असेल, पण लेबलाचं काय, ते वर तीस टक्क्यांच्या हिशेबात आलंच आहे. मायक्रोसॉफ्टनं २०२२ मध्ये आपल्या चेहरा-ओळख सेवेतून भावना सांगण्याची सोय काढून टाकायचं ठरवलं. युरोपीय संघात तर २ फेब्रुवारी २०२५ पासून कामाच्या जागी आणि शाळा-कॉलेजांत अशी यंत्रणा वापरायला बंदी आहे, वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणं सोडून.

रंगभूषेनं भावना बदलता येते का?

थोडीफार येते. भुवईचं बाहेरचं टोक वर नेलं की क्रूर, आतलं टोक वर नेलं की कष्टी. ओठांचे कोपरे काजळानं खाली ओढले की वय आणि दुःख दोन्ही वाढतात. उजेड खालून आला तर साधा माणूसही राक्षस दिसतो.

आता अनुभवाचं बोलतो. एका उत्सवात नंदाचं काम करणारा नट ऐन वेळी तापानं आडवा झाला. पहिल्या अंकात कंसाच्या सेनापतीचं काम केलेल्यालाच उभं करायचं ठरलं. अंक संपून पडदा उघडेपर्यंत जेमतेम पाच मिनिटं. मी मिशा उपटल्या, त्या चिकटवायचा स्पिरिट गम पुसायला वेळ नाही म्हणून त्यावरच पांढरी दाढी दाबली, खांद्यावर घोंगडी टाकली आणि त्याला पुढे ढकलला. भुवया सेनापतीच्याच राहिल्या, काळ्याभोर, जाड, टोकं पार कपाळात गेलेली. कृष्ण मथुरेला निघतो तो प्रवेश. विंगेत उभा राहून मी डोळे मिटून घेतले. नंद रथाच्या मागे दोन पावलं चालला आणि थांबला. सभामंडपात बायका पदर डोळ्यांना लावत होत्या.

नाटक सुटल्यावर मी रंगाची पेटी आवरत होतो, तेव्हा दोन म्हाताऱ्या बाया चपला शोधत बोलत होत्या. एक दुसरीला म्हणाली, "नंदाच्या तोंडारच दिसतालें गो सगळें."